ऑफिसातला तिरंगा, टेबलावरचा गणपती आणि सगळ्यांची भिंत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात आता एका छपराखाली चार धंदे सर्रास चालतात. विश्रामबागेत एकाच मजल्यावर सीए, विमा एजंट आणि कोडिंग करणारी पोरं बसतात. कुपवाडच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये दोन युनिटं असतात, तर मार्केट यार्डात हळदीच्या पेढीच्या माडीवर तिसराच कोणी टेबल टाकून बसलेला असतो. अशाच एका मजल्याची व्यवस्था माझ्याकडे आहे, त्यामुळे कोणी काय लावायचं याचे प्रश्न माझ्याकडे येतात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आणि दसऱ्याच्या आसपास त्यांचा पूर येतो.

राष्ट्रध्वजाबद्दल कायदा स्पष्ट आहे. तो लावायला मोकळीक आहे, पण कसा लावायचा याबाबत कायदा कडक आहे. बाकी फोटो, मूर्ती, मग, कुंड्या यांबद्दल कायदा बहुतेक गप्पच आहे. तिथे मी माझं मत दिलंय आणि ते मत आहे असं सांगितलंय.

१. खासगी ऑफिसात तिरंगा लावायला कोणाची परवानगी लागते का?

सरकारची लागत नाही. २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या भारतीय ध्वजसंहितेनुसार सामान्य नागरिक, खासगी संस्था आणि शाळा वर्षातल्या कोणत्याही दिवशी ध्वज लावू शकतात. त्याआधी ही मुभा मोजक्या राष्ट्रीय दिवसांपुरतीच होती. गंमत म्हणजे हा बदल ज्या वादातून घडला तो कामाच्या जागेचाच होता. नवीन जिंदाल यांनी रायगडच्या (छत्तीसगडमधल्या) आपल्या कारखान्याच्या कार्यालयावर तिरंगा लावला, अधिकाऱ्यांनी हरकत घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २३ जानेवारी २००४ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं, की सन्मानानं ध्वज फडकवणं हा घटनेच्या कलम १९(१)(अ) खालचा अभिव्यक्तीचा हक्क आहे, मात्र त्यावर वाजवी बंधनं आहेत.

आपल्या भागाला हे नवीन नाही. १९४२ च्या सप्टेंबरात लोक मामलेदार कचेरीवर तिरंगा लावायलाच चालत गेले होते. ३ सप्टेंबरला तासगावात तो लागला. ९ सप्टेंबरला वडूजमध्ये गोळीबार झाला आणि नऊ जण हुतात्मे झाले. हातात झेंडा घेऊन पुढे असलेले परशुराम घार्गे त्यांतले एक. म्हणून कचेरीवरच्या झेंड्याचा विषय निघाला की इथली म्हातारी माणसं अजून सावरून बसतात.

सरकारची परवानगी नको, याचा अर्थ जागामालकाची किंवा शेजारच्या टेबलाची नको असा मात्र होत नाही. त्यासाठी प्रश्न ६ पाहा.

२. टेबलावर ठेवायचा झेंडा केवढा आणि कशाचा असावा?

ध्वजाचं लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२ असतं. संहितेतल्या नऊ प्रमाणित आकारांपैकी सगळ्यात लहान, म्हणजे १५० × १०० मिलिमीटरचा, टेबलासाठी आहे. मधलं अशोकचक्र गडद निळं आणि २४ आऱ्यांचं हवं. स्टेशनरीच्या दुकानातल्या झेंड्यांवर कधीकधी आरे सोळा, कधी अठरा निघतात. घेण्याआधी मोजा.

कापड आता फक्त खादीचंच हवं असं नाही. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर सुती, लोकरी, रेशमी, पॉलिस्टर, हातानं विणलेलं किंवा यंत्रावरचं, सगळं चालतं. प्लास्टिक चालत नाही. माझं मत विचाराल तर टेबलासाठी खादीचाच घ्या. हुबळीजवळच्या बेंगेरीत आणि नांदेडला खादीचे ध्वज तयार होतात, आणि खादी भांडारात मिळणाऱ्या ध्वजाची शिवण वर्षानुवर्षं टिकते.

३. भिंतीवर सपाट लावायचा तर केशरी पट्टा कुठे?

आडवा लावला तर केशरी वर. उभा लावला तर केशरी पट्टा समोरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला. उभ्या ध्वजात लोक सर्रास गोंधळतात. खालची बाजू वर करून मुद्दाम लावणं हा राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंध अधिनियम, १९७१ खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. चुकून उलटा लागलेला दिसला तर आरडाओरडा आणि व्हिडिओ न करता सरळ करा आणि ज्यानं लावला त्याला दाखवा.

मीटिंग हॉलमध्ये बोलणाऱ्याच्या मागे लावायचा तर त्याच्या डोक्याच्या वर. काठीवर असेल तर बोलणारा लोकांकडे तोंड करून उभा असताना त्याच्या उजव्या हाताला.

४. १५ ऑगस्टला झेंड्यांची तोरणं, तिरंगी फुगे, रांगोळी, केक, यातलं काय चालतं?

इथे सगळ्यात जास्त भांडणं होतात, म्हणून सविस्तर सांगतो.

संहितेत स्पष्ट आहे की ध्वजाचा उपयोग तोरण, पताका किंवा सजावट म्हणून करायचा नाही. दोरीला चिकटवलेल्या शंभर कागदी झेंड्यांच्या माळा आपण शाळेपासून बघत आलोय, त्या नियमात बसत नाहीत. केशरी, पांढऱ्या, हिरव्या कापडाच्या किंवा झेंडूच्या माळा लावा. तीन रंग म्हणजे ध्वज नव्हे. फुग्यांचंही तसंच. रंगाचे फुगे ठीक, चक्र छापलेले फुटून पायाखाली येणारे नकोत.

रांगोळीबद्दल काळजी घ्या. १९७१ च्या कायद्यात 'ध्वज' या शब्दात त्याचं चित्र, छायाचित्र, कोणत्याही वस्तूचं बनवलेलं दृश्य रूप हे सगळं येतं. मग दारात चक्रासकट तिरंगा काढायचा आणि साडेनऊला कुरिअरवाल्यानं त्यावरून यायचं, हे कशाला? तीन रंगांची फुलांची नक्षी काढा, किंवा रांगोळी पाटावर काढून कोपऱ्यात ठेवा.

केकबद्दल एक निकाल आहे. नकाशा आणि अशोकचक्र असलेला तिरंगी केक कापल्याची तक्रार मद्रास उच्च न्यायालयापुढे गेली होती. २०२१ मध्ये न्यायालयानं सांगितलं की अपमानाचा हेतू नसताना केवळ असा केक कापला म्हणून हा गुन्हा होत नाही. तरी माझ्या मजल्यावर मी चक्र नसलेलाच केक मागवतो. केक खाताना कोणी कायद्यावर भाषण द्यावं अशी माझी इच्छा नाही.

हातात धरायचे कागदी झेंडे राष्ट्रीय कार्यक्रमात चालतात. नंतर ते जिन्यात किंवा कचरापेटीत टाकायचे नाहीत. त्यांचं काय करायचं ते प्रश्न १३ मध्ये आहे.

५. तिरंगा छापलेला मग, माउसपॅड, खुर्चीची उशी, रुमाल?

उशी, रुमाल, नॅपकिन : नाही. त्यांच्यावर ध्वज छापणं किंवा भरतकामानं काढणं कायद्यानंच वर्ज्य आहे. कमरेखालच्या पोशाखावर आणि अंतर्वस्त्रांवरही तेच. टेबलक्लॉथ म्हणूनही ध्वज पसरायचा नाही.

मग आणि माउसपॅड यांची नावं कायद्यात नाहीत. माउसपॅडवर दिवसभर घामेजलेला हात आणि चहाचे डाग, हे मला पटत नाही. ज्याच्यावर हात पुसले जाणार किंवा बूड टेकणार ते टाळा, एवढं म्हणतो. मगबद्दल मी कोणाला टोकत नाही.

६. सामायिक हॉलच्या भिंतीवर कोणाचा फोटो लावायचा हे कोण ठरवणार?

कायदेशीर उत्तर दोन ओळींत संपतं. भिंत जागामालकाची, आणि भाडेकराराच्या अटींत जे असेल ते. पण करारात असलं काही कोणी लिहीत नाही, आणि खरी अडचण तिथून सुरू होते.

आमच्याकडे चालणारी पद्धत सांगतो. टेबल आणि त्याच्या मागची पार्टिशनची फळी ज्यानं भाडं भरलं त्याची. तिथे बायको-पोरांचा फोटो, आवडता खेळाडू, कुलदैवत, कुंडी, काय हवं ते ठेवा. शेजाऱ्याच्या टेबलावर सांडू देऊ नका आणि वायरिंगवर टांगू नका. हॉल, पॅसेज, रिसेप्शन, चहाची जागा ही सगळ्यांची. तिथे काही लावायचं असेल तर मजल्यावरच्या प्रत्येक युनिटची लेखी संमती, एका कागदावर. तोंडी 'हो' म्हणणारे नंतर 'मी कुठे म्हणालो' म्हणतात, हा सांगलीतच नव्हे, सगळीकडचा अनुभव आहे. एकानं जरी हरकत घेतली तर ती वस्तू आपल्या टेबलाकडे न्यायची. हरकतीचं कारण विचारायचं नाही. कारण विचारलं की चर्चा फोटोवरून माणसावर येते.

तिरंग्याला या पद्धतीत मी अपवाद केलाय. तो हॉलमध्ये एकच, योग्य आकाराचा, आणि त्याची जबाबदारी एका नाव घेतलेल्या माणसाकडे. प्रत्येक युनिटनं आपापला लावला की पंधरा दिवसांत निम्मे मळतात आणि कोणाचंच लक्ष नसतं.

७. शिवाजी महाराजांचा फोटो किंवा अर्धपुतळा ठेवायला हरकत आहे का?

ठेवायला अजिबात नाही. सातारा-सांगलीत महाराजांचा फोटो नसलेलं ऑफिस शोधावं लागेल. पण धंद्यासाठी वापर ही वेगळी गोष्ट आहे. बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५० च्या अनुसूचीत महाराजांचं आणि महात्मा गांधींचं नाव व चित्र यांचा समावेश आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते ट्रेडमार्क म्हणून किंवा व्यापारी कामासाठी वापरता येत नाही. भिंतीवर फोटो लावा, हळदीच्या पाकिटावर नको.

फोटो महाराजांचा असो, फुल्यांचा, बाबासाहेबांचा की अण्णाभाऊंचा, माझी तक्रार एकच आहे. जयंतीला घातलेला हार महिनाभर तसाच वाळत राहतो. हार घालणाऱ्यानंच तिसऱ्या दिवशी तो काढायचा, हे आमच्याकडे लिहून लावलंय.

८. 'सत्यमेव जयते'सह चार सिंहांची मुद्रा केबिनच्या दारावर किंवा व्हिजिटिंग कार्डवर छापू शकतो का? मी सरकारी ठेकेदार आहे.

नाही. भारताचे राज्यचिन्ह (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, २००५ आणि त्याखालचे २००७ चे नियम ती कोणी वापरायची हे ठरवून देतात. त्यात ठेकेदार, सल्लागार, वकील, निवृत्त अधिकारी बसत नाहीत. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सरकारचं काम करता म्हणून सरकारची मुद्रा तुमची होत नाही. गाडीच्या काचेवर चिकटवलेली असेल तीही काढा.

९. तिरंग्याशेजारी भगवा, निळा किंवा पक्षाचा झेंडा लावला तर?

दुसरा कोणताही झेंडा राष्ट्रध्वजाच्या वर, त्याच्यापेक्षा उंच किंवा शेजारी बरोबरीनं लावायचा नाही. एकाच काठीवर दोन तर नाहीच. तिरंगा ज्या काठीवर आहे तिला जाहिरातीचा फलक बांधायचा नाही, आणि काठीवर किंवा ध्वजाच्या वर हार-फुलंही नकोत.

तिरंगा नसताना जयंतीचा झेंडा टेबलावर ठेवणं हा प्रश्न ६ चा विषय. पक्षाचा झेंडा आणि चिन्ह मात्र मी मजल्यावर कुठेच लावू देत नाही, टेबलावरही नाही. इथे गावागावात भावकीच दोन पक्षांत वाटलेली असते. ऑफिसात तरी जेवणाचे डबे एकत्र उघडले जावेत.

१०. टेबलावर गणपती ठेवलाय. उदबत्ती लावली की शेजारच्या मॅडमना खोकला येतो. काय करू?

गणपती ठेवा, उदबत्ती घरी लावा. एसीच्या बंद हॉलमध्ये धूर फिरत राहतो, आणि छताला धूरसूचक यंत्र असेल तर कापूर पेटवताच ते वाजणार. पेटता दिवा सोडून चहाला जाणं हा तर आगीचाच धोका आहे. बॅटरीवरची समई मिळते. देवाला चालते की नाही हे मी सांगू शकत नाही, पण विमा कंपनीला ती नक्की चालते.

खंडेनवमीचं वेगळं आहे. कुपवाडच्या शेडमध्ये लेथला हळदकुंकू न लावता दसरा होतच नाही, आणि ज्या युनिटला पूजा करायची नाही तेही पेढा घ्यायला येतात. तिथे वेळ ठरवा, वीज बंद करून पूजा करा, कुंकू मशिनच्या फिरत्या भागात जाऊ देऊ नका. वर्गणी मागायची असेल तर यादी भिंतीवर लावू नका. ज्यांनी दिली नाही त्यांचीही नावं त्यातून दिसतात.

११. आमचं सरकारी कार्यालय आहे. तिथेही हेच नियम?

ध्वजाचे तेच, पण बाकी मोकळीक कमी. कोणाची जयंती कार्यालयात साजरी करायची याची यादी राज्य शासन दरवर्षी परिपत्रकानं देतं. सावित्रीबाई (३ जानेवारी), यशवंतराव चव्हाण (१२ मार्च), अण्णाभाऊ साठे (१ ऑगस्ट) आणि क्रांतिसिंह नाना पाटील (३ ऑगस्ट), ही आपल्याच दोन जिल्ह्यांत जन्मलेली माणसं त्या यादीत असतात. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मुळे कर्मचाऱ्याला राजकारणात भाग घेता येत नाही, त्यामुळे पुढाऱ्यासोबतचा तुमचा फोटो टेबलावर ठेवण्याआधी साहेबांना विचारा.

१२. आमचे सिक्युरिटी सुपरवायझर माजी सैनिक आहेत. त्यांना पलटणीचा फोटो, मेडल आणि काडतुसाची रिकामी पुंगळी टेबलावर ठेवायची आहे.

फोटो आणि मेडल अगदी मानानं ठेवू द्या, जमलं तर काचेच्या फ्रेममध्ये. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, लोक त्याला 'मिलिटरी अपशिंगे'च म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. अशा भागात मेडलकडे शोभेची वस्तू म्हणून कोणी बघत नाही. मावशींनाही सांगून ठेवा की ती फ्रेम पुसायची, हलवायची नाही. काडतूस मात्र रिकामं असलं तरी ऑफिसात नको. बघणाऱ्याला ते रिकामं आहे हे कळत नाही, आणि शस्त्र कायद्याच्या चौकशीत उत्तरं देत बसायला कोणाला वेळ आहे?

१३. फाटलेला, मळलेला किंवा पुरात भिजलेला झेंडा टाकायचा कसा? कृष्णेत सोडला तर?

नदीत नको. निर्माल्याची सवय असल्यानं हा प्रश्न इथून हमखास येतो. ध्वज पाण्यात लोळू देणं नियमात बसत नाही, आणि पॉलिस्टर तर वर्षानुवर्षं कुजत नाही.

खराब झालेला ध्वज पूर्णपणे नष्ट करावा, खासगीत, शक्यतो जाळून किंवा प्रतिष्ठा राखणाऱ्या दुसऱ्या रीतीनं, असं संहिता सांगते. यात एक खोच आहे. सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांना दिसेल अशा जागी ध्वज जाळणं हाच १९७१ च्या कायद्यानं गुन्हा आहे. म्हणजे मागच्या अंगणात दोघांनी शांतपणे केलं तर योग्य रीत, गच्चीवर मोबाईल लावून केलं तर पोलीस दारात. फोटो काढायचा नाही, स्टेटस ठेवायचं नाही. सुती ध्वज लगेच जळतो. पॉलिस्टर वितळतो, वास येतो, म्हणून तो मी नीट घडी करून डब्यात घालून पुरतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीतल्या किती तळमजल्यांत १५ ऑगस्टसाठी आणलेले झेंडे गाळात गेले असतील. भिजलेला पण धड असलेला ध्वज स्वच्छ धुऊन सावलीत वाळवा आणि वापरा, तो टाकण्याची गरज नाही. पावसाळ्यात झेंड्यांचा खोका वरच्या कप्प्यात ठेवा.

१४. बाहेर लावलेला झेंडा संध्याकाळी उतरवायलाच हवा का?

आता नाही. जुलै २०२२ च्या दुरुस्तीनंतर उघड्यावर किंवा नागरिकाच्या घरावर लावलेला ध्वज दिवसरात्र ठेवता येतो. पण कृष्णाकाठच्या जुलै-ऑगस्टच्या पावसात रात्रभर ठेवलेल्या ध्वजाच्या कडा आठवड्यात सुटतात. वॉचमनला उतरवायला सांगा.

१५. पार्किंगमधल्या गाड्यांवरच्या झेंड्यांचं काय?

मोटारीवर राष्ट्रध्वज फडकवण्याचा मान राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री अशा ठरावीक पदांनाच आहे. बॉनेटवर, टपावर पसरायचा तर कोणीच नाही.

१६. जर्मन ग्राहक येणार आहेत. दोन्ही देशांचे झेंडे टेबलावर ठेवायचे तर?

दोन्ही सारख्या आकाराचे. काठ्या एकमेकींवर तिरक्या असतील तर आपला ध्वज समोरून बघणाऱ्याच्या डावीकडे, आणि आपली काठी पुढे. ग्राहक गेले की दोन्ही घडी करून आत. त्यांचाही देशाचा झेंडाच आहे, पेनस्टँडमध्ये खोचू नका.

१७. मला माझ्या टेबलावर तिरंगा ठेवायचा नाही. सहकारी 'देशभक्त नाहीस का' म्हणतात.

खासगी माणसानं ध्वज लावलाच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. १९८६ च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात राष्ट्रगीताला आदरानं उभी राहिलेली पण श्रद्धेपोटी न गाणारी केरळची मुलं शाळेतून काढली गेली होती. सर्वोच्च न्यायालयानं ती कारवाई रद्द केली. न गाणं म्हणजे अपमान नव्हे, असा तो निकाल आहे. सहकाऱ्यांना एवढं सांगा. तरी टोमणे थांबले नाहीत तर लेखी तक्रार करा, कारण ही सतावणूक झाली. राष्ट्रगीत चालू असताना मुद्दाम अडथळा आणणं मात्र गुन्हा आहे. ५२ सेकंदांचा प्रश्न असतो, लॅपटॉपवर टकटक करत बसू नका.

१८. आमच्या वर्कशॉपमध्ये ऑइल कंपनीचं बायकांच्या चित्रांचं कॅलेंडर आहे. मालक म्हणतात, ही आमची पर्सनल वस्तू आहे.

काढायला लावा. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा शब्दांशिवाय केलेलं नकोसं लैंगिक वर्तनही छळात धरतो, आणि अशी चित्रं भिंतीवर ठेवून बायकांना तिथे काम करायला लावणं त्या तक्रारीचा आधार ठरू शकतं. दहा किंवा जास्त माणसं असतील तर तक्रार समिती असणं बंधनकारक आहे. 'आमच्याकडे बाई कामालाच नाही' हे उत्तर नेहमीचं. पार्सल आणणारी, हिशेब तपासायला येणारी, झाडू मारणारी बाईच असते.

१९. एक जण टेबल सोडून गेला. मागे देवाचा फोटो, छोटा तिरंगा आणि घरच्यांचे फोटो राहिलेत. फेकून द्यावे का?

आधी फोन करा, मग एक मेसेज लेखी टाका आणि महिनाभर खोक्यात भरून ठेवा. घरच्यांचे फोटो कोणी घ्यायला आलं नाही तर कुरिअरनं पाठवा, पोस्टेज त्याच्या अनामत रकमेतून वळतं करता येतं. देवाचा फोटो कोणी मागितला तर द्या, नाहीतर गावातल्या देवळाच्या पुजाऱ्याला विचारा, बरेचजण ठेवून घेतात. तिरंगा धड असेल तर हॉलच्या कपाटात, फाटका असेल तर प्रश्न १३ प्रमाणे. खोक्यावर नाव आणि तारीख घाला. आमच्या कपाटात सध्या असे तीन खोके आहेत आणि एकावर नाव नाही. कुंडीवाले जे कोणी असाल त्यांनी येऊन न्यावा, तोवर कुंडीला पाणी मावशी घालतायत.